कौन्सिलचं पत्र आलं तर खुलासा कसा द्यायचा?

प्रश्न

वॉर्डातल्या औषधांच्या नोंदीत तफावत निघाली, हॉस्पिटलने ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. पण तक्रार नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग कौन्सिलकडेही गेली आणि आता लेखी खुलासा मागणारं पत्र आलं, तर सुरुवात कुठून करायची? एकदा ताकीद मिळाल्यावर पुन्हा चौकशी का? आणि राजीनामा दिला तर विषय संपतो का?

उत्तर १

राजीनाम्याने संपत नाही. हॉस्पिटलचा अधिकार नोकरीपुरता, कौन्सिलचा तुमच्या नोंदणीवर. म्हणून एकाच घटनेची दोन ठिकाणी चौकशी होऊ शकते. हॉस्पिटलच्या चौकशीत घाईने लिहून दिलेला जबाब कौन्सिलपुढे पुरावा म्हणून येतो, हे बहुतेकांच्या फार उशिरा लक्षात येतं.

पत्र मिळाल्याची तारीख त्यावरच लिहा, लिफाफा ठेवा. मुदत पत्राच्या तारखेपासून आहे की मिळाल्यापासून, ते नीट वाचा. तक्रारीची प्रत आणि सोबतची कागदपत्रं लेखी मागा. ती न बघता खुलासा देऊ नका. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपायच्या आत वाढ मागा आणि पोच घ्या. उत्तरच दिलं नाही तर एकतर्फी निर्णयाची वाट मोकळी होते. कौन्सिलकडे जुना पत्ता असेल तर तो आजच बदला, पुढची पत्रं तिकडेच जातील.

चौकशी अधिकाऱ्याचा फोन आला तर अदबीने सांगा, ‘मी लेखी उत्तर देईन.’ इन्शुरन्स असेल तर कंपनीला लगेच कळवा, पण पॉलिसी उघडून बघा: रुग्णाच्या भरपाईचा दावा आणि नोंदणीचा बचाव हे वेगळे भाग असतात, दुसरा प्रत्येक पॉलिसीत असतोच असं नाही.

उत्तर २

ताई, औषधांच्या तफावतीत सगळं प्रकरण नोंदींवर उभं असतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

समजा मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचा १० मिलिग्रॅमचा अँप्यूल (इंजेक्शनची कुपी) काढला. डॉक्टरांची ऑर्डर ४ मिलिग्रॅमची. उरलेले ६ मिलिग्रॅम साक्षीदारासमोर टाकून दोघींच्या सह्या व्हायला हव्यात. चौकशीत औषधसाठ्याचं रजिस्टर, ऑर्डर, औषध दिल्याचा चार्ट आणि रुग्णाच्या वेदनेची नोंद शेजारी शेजारी ठेवतात. रजिस्टरमध्ये १४:१०, चार्टवर १५:३०, आणि ६ मिलिग्रॅमपुढे एकच सही, एवढ्यावरून ‘औषध गेलं कुठे’ हा प्रश्न उभा राहतो. कामाच्या गर्दीत राहिलेली सही आणि चोरी यांतला फरक कागदावर दिसत नाही, तो तुम्हाला दाखवावा लागतो: त्या पाळीचा ड्यूटी रोस्टर, रुग्णसंख्या, त्याच वेळी दुसऱ्या बेडवर आलेली इमर्जन्सी, साक्षीदार कोण उपलब्ध होतं.

आता जुन्या नोंदीला हात लावायचा नाही. खाडाखोड किंवा मागची तारीख घालणं मूळ चुकीपेक्षा जड जातं, कारण चूक निष्काळजीपणात मोडते आणि फेरफार अप्रामाणिकपणात. इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये कोणी, कधी, काय बदललं हे सगळं मागे राहतं. उशिराची नोंद त्याच पाळीत, ‘उशिराची नोंद’ असं लिहून आणि खरी वेळ टाकूनच करायची. तक्रार झाल्यावर तीही नको.

चार्टचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, तो गोपनीयतेचा नवा भंग ठरतो. प्रती कौन्सिलमार्फत किंवा वकिलामार्फत मागा.

खुलासा आरोपाच्या क्रमाने, दोन-तीन पानांत. जे घडलं ते मान्य, जे नाही ते ठामपणे नाकारा. सहकाऱ्यांवर ढकलू नका. चूक झाली असेल तर त्यानंतर काय बदललं ते प्रमाणपत्रासकट जोडा.

प्रश्नकर्ती

धन्यवाद. ‘तडजोडीच्या आदेशावर सही करा, सुनावणी टळेल’ असं कौन्सिलकडून सांगितलं तर?

उत्तर ३

वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. अशा आदेशात बहुतेकदा आरोप मान्य केल्याचं वाक्य असतं आणि तो सार्वजनिक नोंदीत जातो. अमेरिकेत अशी कारवाई ‘नर्सिस’ या नोंदणी-तपासणीच्या यंत्रणेत दिसते, आणि मल्टिस्टेट लायसन्सवर (अनेक राज्यांत चालणाऱ्या परवान्यावर) अटी लागल्या तर दुसऱ्या राज्यांत काम करायची मुभा थांबते. ब्रिटनमध्ये कौन्सिलची ताकीद १ ते ५ वर्षं राहते, कामावरच्या अटी ३ वर्षांपर्यंत असू शकतात, आणि नोंदणीतून नाव काढून टाकलं तर ५ वर्षांनीच परत अर्ज करता येतो. म्हणजे ‘साधी ताकीद’ हा शब्दही तपासून घ्यायचा.

दुसऱ्या देशात नोंदणीचा अर्ज करताना आधीच्या कारवाईबद्दल विचारलं तर खरं तेच लिहा. कारवाई किरकोळ असली तरी ती लपवली, की तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

तफावतीमागे औषधाच्या व्यसनाचा प्रश्न खरोखर असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत उपचार आणि देखरेखीचा पर्यायी मार्ग आहे, पण त्यात प्रवेश मिळायला वेळेवर पुढे यावं लागतं.