अनुभव धागा: ग्रुपवरची मस्करी आणि नेटवरच्या खाजगीपणाचे प्रश्न

गावच्या ग्रुपवर मस्करी चालतेच, चालावीही. तिच्याच आडून माणसं मनातलं विचारून घेतात: वायफायवाल्याला आपलं काय दिसतं, आयपी (नेटवरचा आकड्यांचा पत्ता) काढला म्हणजे काय होतं. हसून झाल्यावर कोणी सरळ उत्तर दिलं का? तुमच्याकडचे अनुभव लिहा. कोणाचं नाव किंवा नंबर टाकू नका.

संत्रावाला, वरुड

आमचा ग्रुप मंडीच्या भावांचा. एका पोरानं रात्री टाकलं, "काकू, तुमचा आयपी सापडला, १९२.१६८.१.१. आता सगळं दिसते मले." सगळे हसले. काकूंनी मात्र घाबरून बँकेचं ॲपच काढून टाकलं. सकाळी घरी आल्या, "भाऊ, माह्ये पैसे जातीन काय?"

मी आमचा राऊटर उलटा करून त्याखालचं स्टिकर दाखवलं. त्यावरही तोच आकडा! १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायला राखून ठेवलेत, जगभर घरोघरी तेच असतात. बाहेरच्याला त्यातून काही मिळत नाही. हे त्या पोरालाच ग्रुपवर लिहायला लावलं. त्यानं लिहिलं, काकूंकडे जाऊन ॲपही परत टाकून दिलं. पिन टाकताना पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मले ते फार आवडलं.

बचत गटवाली, दिग्रस

"इन्कॉग्निटोत पाहिलं तर सासूले दिसते काय?" एकीनं असं विचारलं आणि गटात हसून हसून पुरेवाट झाली. नंतर तिनं मला वेगळा फोन केला. तिला पिशवीच्या त्रासाबद्दल वाचायचं होतं, घरात फोन एकच.

मी सांगितलं, इन्कॉग्निटोची (ब्राउझरमधली खाजगी) खिडकी बंद केली की फोनमध्ये हिस्टरी उरत नाही, काम एवढंच. नेट कंपनीला साइटचं नाव बहुतेक वेळा कळतं. साइट एचटीटीपीएस (पत्त्याच्या सुरुवातीला https, म्हणजे कुलूपबंद) असेल तर कुठलं पान उघडलं, काय टाइप केलं, हे मात्र कळत नाही. ती खिडकी उघडी ठेवून फोन दुसऱ्याच्या हाती गेला तर सगळंच समोर. गमतीत विचारता आलं म्हणून तरी तिनं विचारलं, नाहीतर बाई गप्पच राहिली असती.

मोबाइल दुरुस्तीवाला, पुसद

दुकानात रोजचा प्रश्न, "आयपीवरून घर सापडते काय?" मोबाइल नेटवर एकच बाहेरचा पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटलेला असतो, नकाशावर गावचा माणूस भलत्याच शहरात दिसतो. कोणत्या वेळी तो पत्ता कोणाकडे होता हे कंपनीच्या नोंदीतून निघतं, आणि ती नोंद पोलीस मागू शकतात. व्हॉट्सॲप कॉलमध्ये समोरच्याला आपला आयपी कळू नये, अशी सेटिंग २०२३ मध्ये आली. प्रायव्हसीत शोधा, सापडेल.

कॉलेजवाला, आरमोरी

"व्हीपीएन लावला की पोलिसाचा बापही शोधत नाही," ही आमच्या होस्टेलची आवडती फेकाफेकी. व्हीपीएन म्हणजे आपलं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा. त्यानं नेट कंपनीची नजर चुकते, पण आपली सगळी ये-जा व्हीपीएनवाल्याच्या हातून होते. फुकटवाला तर मी कोणालाच सांगत नाही. शिवाय सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं आणि आयपी ५ वर्षं ठेवायला सांगितलंय. काहींनी त्यावर भारतातले सर्व्हरच हलवले.

नवीन सभासद, मूल

मस्करी नाही, खरंच विचारतो. ग्रामपंचायतीच्या वायफायवर बँकेचं ॲप चालवावं काय?

संत्रावाला, वरुड

दादा, ॲपची बोलणी कुलूपबंद असते, पण त्याच नावाचं खोटं वायफाय कोणीही लावू शकतो. पैशाच्या कामाला आपला मोबाइल डेटाच सुरू कर. आणि पैसे गेलेच तर ग्रुपवर नंतर लिही, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव.