पुतण्याला आताच गोळ्या सुरू कराव्यात का?

प्रश्न (आर्णी तालुका, यवतमाळ) : माझा १९ वर्षांचा पुतण्या पाच महिन्यांपासून कॉलेजला जात नाही, रात्रभर जागतो आणि शेजारी आपल्याविषयीच कुजबुजतात असे त्याला अधूनमधून वाटते; मात्र 'हा माझा भ्रमही असेल' असे तोच म्हणतो. वडीलधारी मंडळी बाहेरची बाधा समजत आहेत. आतापासून औषध दिल्यास पुढचा आजार टळेल का?

उत्तर १ : त्याला स्वतःलाच शंका येते, ही जमेची बाजू आहे. अशा अवस्थेतील बहुतेकांना पुढे सायकोसिस (भ्रम-भास खरेच वाटून वास्तवाचे भान सुटणारा आजार) होत नाही. म्हणूनच केवळ धोका दिसतो एवढ्यावरून सायकोसिसविरोधी गोळ्या देऊ नयेत, असे ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचे २०१४ चे मार्गदर्शन सांगते आणि त्याऐवजी सीबीटी ही बोलण्यातून होणारी उपचारपद्धती, तसेच सोबतच्या चिंता-नैराश्यावर उपचार सुचवते. तरीही तपासणी मनोविकारतज्ज्ञांकडूनच व्हावी, कारण शंका जाऊन खात्री बसली तर उपचारांतील प्रत्येक महिन्याचा उशीर महाग पडतो.

उत्तर २ : तो गांजा ओढतो का, हे न रागावता विचारावे. गांजाने हा धोका वाढतो.

उत्तर ३ : जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, सेवाग्रामलाही मनोविकार विभाग आहे. तोवर १४४१६ या टेलि-मानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा) क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते. तो जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलला, तर मात्र त्याच दिवशी न्यावे.

प्रश्नकर्ता : गांजाचे विचारले, 'कधीकधी' म्हणाला. सोमवारी यवतमाळला नेतो.