मुद्रितशोधनासाठी टॅबलेट : आयपॅड, गॅलक्सी टॅब की शाओमी पॅड?

कागदफूल

गेली एकवीस वर्षे मी घरून मुद्रितशोधनाचे काम करते. पूर्वी प्रुफांचे गठ्ठे एसटीच्या पार्सलने येत आणि तांबड्या शाईच्या खुणा अंगावर घेऊन तसेच परत जात. आता पीडीएफ येते. ती मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणते, खुणा करते आणि मग एकेका पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून अक्षरजुळणी करणाऱ्यांना पाठवते. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाची तीन वाचने झाली, तेव्हा छपाईचा खर्च मानधनातून वजा करून पाहिला आणि यंदा टॅबलेट घ्यायचाच असे ठरवले.

पेन व कव्हर धरून ४०,००० रुपयांच्या आसपास थांबावे असा विचार आहे. मार्च २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपचा आयपॅड, सॅमसंग गॅलक्सी टॅब एस९ एफई आणि शाओमी पॅड ७ अशी तीन नावे मनात आहेत. दुकानात गेले असता विक्रेत्याने प्रोसेसर, कॅमेरा आणि १४४ हर्ट्झ यांविषयी बरेच सांगितले, परंतु माझी गरज त्याच्या ध्यानात आली असे वाटले नाही. बारा पॉइंटच्या मजकुरातला अनुस्वार आणि पहिली-दुसरी वेलांटी मला न ताणता दिसली पाहिजे, पानाच्या समासात पेनने खूण करता आली पाहिजे, आणि रोज चार-पाच तास हे करून मान व डोळे शाबूत राहिले पाहिजेत. दोनतृतीयांश काम डेमी आकाराच्या पुस्तकांचे असते. जुलैपासून दिवाळी अंकांची ए४च्या जवळपास जाणारी पाने येऊ लागतात. या कामाला तिघांपैकी कोणता योग्य ठरेल?

मोजपट्टी

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही मोजून देता येईल. टॅबलेटच्या जाहिरातीत जो इंचांचा आकडा असतो तो पडद्याच्या कर्णाचा असतो, आणि पान उभे धरून वाचणाऱ्या माणसाला कर्णाचा काडीचाही उपयोग नसतो. त्याला रुंदी लागते. ए१६ आयपॅड आणि टॅब एस९ एफई या दोघांच्याही पडद्याचा कर्ण सुमारे १०.९ इंचांचाच आहे. पण आयपॅडच्या पडद्याचे प्रमाण साधारण १.४४ : १ आहे आणि सॅमसंगचे १६ : १०, म्हणजे चित्रपट पाहण्याच्या सोयीचे. हिशेब केला तर आयपॅडची रुंदी सुमारे १५८ मिमी येते आणि सॅमसंगची १४७ मिमी. शाओमी पॅड ७चा ११.२ इंची पडदा ३ : २ प्रमाणाचा असल्यामुळे त्याचीही रुंदी १५८ मिमीच भरते.

आता २१० मिमी रुंदीचे ए४ पान यांच्यावर पूर्ण बसवले तर ते आयपॅडवर व शाओमीवर मूळच्या ७५ टक्के दिसेल, सॅमसंगवर ७० टक्के. म्हणजे बारा पॉइंटचा मजकूर पहिल्या दोघांवर नऊ पॉइंटांचा होतो आणि तिसऱ्यावर साडेआठाच्याही खाली जातो. याच हिशेबातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. ७ : ५ प्रमाणाच्या, ११.६१ इंची वनप्लस पॅडची रुंदी सुमारे १७१ मिमी येते आणि टॅब एस९ एफई प्लसच्या १२.४ इंची पडद्याची १६७ मिमी. म्हणजे ए४ पान मोठ्या आकड्याच्या पडद्यावर किंचित लहान दिसते!

डेमी पुस्तकाचे पान मात्र १४० बाय २१६ मिमीच्या आसपासचे असते आणि ते या सर्वांवर मूळ आकारात मावते. तेव्हा आपला प्रश्न खरे तर दिवाळी अंकांपुरताच उरतो.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करून पाहावी असे सुचवतो. एखाद्या जुन्या अंकाचे प्रूफ घेऊन झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या ७०, ७५ आणि (वनप्लस पॅडवर दिसेल तेवढ्या) ८१ टक्क्यांच्या प्रती काढून घ्याव्यात आणि आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या चष्म्याने त्या वाचून पाहाव्यात. वीस रुपयांच्या आत काम होईल.

रविवारची सुट्टी

वनप्लसचा विषय निघालाच आहे तर पॅड गो पाहावा. तो ७ : ५ प्रमाणाचाच आहे, पडदा ११.३५ इंची आहे आणि भारतात आला तेव्हा त्याची किंमत १९,९९९ रुपये होती. निम्म्या पैशांत काम होते.

दोन घोट चहा

पॅड गोला कंपनीचे पेन चालत नाही. केवळ वाचन करणाऱ्यासाठी तो उत्तम आहे, आमच्या घरी वडील त्यावर जुनी मासिके वाचतात. परंतु मुद्रितशोधकाला त्याचा उपयोग नाही.

पेनाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरेदीच्या वेळी त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि रोजच्या कामात पेन सर्वांत आधी हातात येते. टॅब एस९ एफईबरोबर एस पेन खोक्यातच मिळते आणि लिहिण्यासाठी ते चार्ज करावे लागत नाही. टॅबलेट ३६,९९९ रुपयांना बाजारात आला होता, त्यामुळे पेनासह तो आपल्या मर्यादेत बसतो. शाओमी पॅड ७ हा २७,९९९ रुपयांना आला. त्याचे फोकस पेन ५,९९९ रुपयांचे आहे आणि ते टॅबलेटच्या कडेला चुंबकाने चिकटून चार्ज होते. बेरीज चौतीस हजारांच्या आत राहते.

आयपॅडचे गणित वेगळे आहे. तो ३४,९०० रुपयांचा आणि यूएसबी-सी ॲपल पेन्सिल ७,९०० रुपयांची, म्हणजे कव्हर घेण्याआधीच ४२,८०० रुपये होतात. शिवाय या पेन्सिलला दाब कळत नाही. हलके टेकवले काय आणि जोरात ओढले काय, रेघ सारखीच उमटते. खुणा करणाऱ्याला याने फारसा फरक पडणार नाही. फरक पडतो तो दुसऱ्या एका गोष्टीने. या आयपॅडची काच आणि तिच्या खालचा पडदा एकमेकांना चिकटवलेले नाहीत, त्यांच्यामध्ये बारीकशी पोकळी आहे. त्यामुळे पेन्सिलचे टोक जेथे टेकते आणि शाई जेथे उमटते त्या दोन ठिकाणांत तिरप्या नजरेने पाहिल्यास थोडे अंतर दिसते. माझा २०१८चा आयपॅड याच जातीचा आहे. त्यावर मी ‘संमत’मधल्या नेमक्या कोणत्या अक्षरावर अनुस्वाराची खूण करतो आहे हे मला पान बरेच मोठे करून पाहावे लागते. ॲपलच्याच आयपॅड एअरमध्ये ही पोकळी नाही, पण एम३ चिपचा एअर ५९,९०० रुपयांना आला होता.

ॲपलची एक बाजू मात्र निर्विवाद आहे, आणि ती टिकण्याची. माझ्या त्या २०१८च्या आयपॅडला आयपॅडओएस १७ पर्यंत, म्हणजे २०२३पर्यंत, नव्या आवृत्त्या मिळत गेल्या आणि तो आजही पीडीएफ उघडतो.

शिळाप्रेस

मी अक्षरजुळणीच्या बाजूचा माणूस आहे, तेव्हा टेबलाच्या पलीकडून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट फॉन्टांची. मराठीतील बरेच काम अजूनही युनिकोडपूर्व, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेल्या, फॉन्टांत होते. अशा फाइलीतून पीडीएफ काढताना फॉन्ट तिच्यात समाविष्ट केले नसतील तर ती जुळणी करणाऱ्याच्या संगणकावर व्यवस्थित दिसते आणि दुसऱ्याच्या टॅबलेटवर रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी होऊन उघडते. एका प्रकाशनाच्या फाइलीबाबत असे झाले तेव्हा तेथील मुद्रितशोधकांनी टॅबलेट सदोष समजून दुकानात परत नेला होता, दोष आमच्याकडच्या माणसाचा होता. टॅबलेट कोणताही घ्या, जुळणी करणाऱ्याला फॉन्ट समाविष्ट करून पीडीएफ पाठवण्यास आधीच सांगून ठेवा. फॉन्ट समाविष्ट असले तरी अशा पीडीएफमध्ये मराठी शब्दाचा शोध लागत नाही, हेही लक्षात असू द्यावे. ‘पाचव्या प्रकरणात हाच शब्द कसा लिहिला आहे’ हे पाहायला पाने उलटावीच लागतात.

दुसरी गोष्ट खुणांची. टिपणे काढण्याच्या काही ॲपांतून पीडीएफ बाहेर काढली की पेनाच्या रेघा पानाच्या चित्रात विरघळून जातात. मग दोनशे पानांत खुणा कोठे कोठे आहेत हे आम्हाला डोळ्यांनीच शोधावे लागते. झोडोसारख्या ॲपमध्ये केलेल्या खुणा पीडीएफचे स्वतंत्र शेरे म्हणून राहतात आणि अ‍ॅक्रोबॅटमध्ये त्यांची यादी दिसते. एकेकीवर टिचकी मारत पुढे जाता येते. पानांची मांडणी आम्ही ज्यात करतो त्या इनडिझाइनमध्ये तर २०१९च्या आवृत्तीपासून पीडीएफवरील शेरे थेट मांडणीत आणण्याची सोय आहे. झोडो आयपॅडवरही चालते आणि अँड्रॉइडवरही, त्यामुळे हा मुद्दा तिघांपैकी कोणाच्याच पारड्यात वजन टाकत नाही; पण आपला आणि जुळणी करणाऱ्याचा वेळ मात्र यानेच वाचेल.

वर कोणी कर्ण-रुंदीचा हिशेब दिला आहे तो पटला. त्यावर एक उपाय सुचवतो. पीडीएफ वाचण्याच्या बहुतेक चांगल्या ॲपांत पानाच्या कडा कापून केवळ मजकुराचा चौकोन पडद्यावर बसवता येतो. छाटणीच्या खुणा आणि रिकामे समास गेले की अंकाचे पानही जवळजवळ मूळ आकारात दिसते, आणि मग सॅमसंगचा चिंचोळा पडदा अडचणीचा ठरत नाही.

कागदफूल

सर्वांचे आभार. शिळाप्रेस, आपला उपाय वाचून क्षणभर प्रश्न सुटला असे वाटले. नंतर लक्षात आले की समास कापला तर मी खूण कोठे करायची? मजकुरात काट मारली तरी दुरुस्ती लिहायची असते ती समासातच. वाचकाला समास रिकामा दिसतो, आमचे सगळे काम तेथेच चालते.

झेरॉक्सची चाचणी काल केली. गेल्या वर्षीच्या अंकातली, मी स्वतः तपासलेली सहा पाने निवडली. तीच पाने पुन्हा वाचली तर चुका पाठच असणार, म्हणून प्रत्येक प्रमाणाला दोन वेगळी पाने ठेवली आणि मूळ खुणांशी नंतर ताडून पाहिले. ८१ टक्क्यांवर काहीच सुटले नाही. ७५ टक्क्यांवर एके ठिकाणी ‘आणि’ची वेलांटी दीर्घ पडली होती, ती सुटली. ७० टक्क्यांवर तीन जागा सुटल्या. त्यांपैकी दोन अनुस्वाराच्या होत्या आणि एका जोडाक्षरात ‘द्ध’चा ‘ध्द’ झाला होता, जो एरवी माझ्या नजरेतून सुटत नाही. दुपारी वाचल्यामुळे डोळे थकले होते हे खरे, पण काम दुपारीही करायचेच असते.

मोजपट्टी

चाचणी इतकी काटेकोरपणे होईल अशी अपेक्षा नव्हती. तरी एक गोष्ट जमेस धरावी लागेल. झेरॉक्सच्या प्रतीत बारीक टिंबे पुसट होतात, पडद्यावर तसे होत नाही. आयपॅडच्या पडद्यावर इंचाला २६४ बिंदू असतात. शाओमी पॅड ७च्या पडद्यावर ३,२०० बाय २,१३६ बिंदू आहेत, म्हणजे इंचाला सुमारे ३४४ पडतात. १० पॉइंटच्या आतल्या देवनागरीला हा फरक जाणवण्याजोगा आहे. १४४ हर्ट्झचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्या आकड्याचा, आपल्या कामाशी संबंध नाही, स्थिर पानाला तो आकडा निरुपयोगी आहे.

कागदासारखा स्पर्श देणारी खरखरीत फिल्म मात्र लावू नये. तिच्यावर पेन छान चालते, परंतु तिच्या कणांमुळे अक्षरांभोवती बारीक रवाळपणा येतो आणि अनुस्वार पहिल्यांदा त्यातच हरवतो.

दोन घोट चहा

वजनाविषयी कोणी लिहिले नाही. आयपॅड ४७७ ग्रॅम, शाओमी ५०० ग्रॅम आणि सॅमसंग ५२३ ग्रॅम. कव्हर चढल्यावर तिन्ही हातात धरून चार तास वाचण्याच्या पलीकडे जातात. पोथी वाचायचे लाकडी व्यासपीठ असते त्यावर तिरपा ठेवून वाचावा. माझी मान त्यानेच वाचली.

कागदफूल

व्यासपीठ आजीचे आहे, माळ्यावरून काढले.

आज दुकानात जाऊन तिन्ही टॅबलेट हाताळले. माझ्या एका अंकाची पीडीएफ विक्रेत्याच्या परवानगीने तिघांवर उघडली आणि एकच ओळ तिघांवर तपासली. आयपॅडवर पेन्सिलचे टोक आणि रेघ यांतले ते अंतर मलाही दिसले. सॅमसंगचे पेन तिघांत सर्वांत हाताला बसणारे होते, खोटे कशाला बोलू, आणि पुस्तकांचेच काम असते तर मी तोच घेऊन आले असते. पण अंकाचे पान उभे बसवल्यावर त्याच्या वरखाली काळ्या पट्ट्या उरत होत्या आणि मजकूर मात्र बारीक झाला होता. शाओमीवर तेच पान समासासकट वाचता आले व समासात ‘ऱ्ह’ लिहून पाहिला तर तो मला परत वाचताही आला. पेनासह शाओमी पॅड ७ची नोंदणी केली आहे. साध्या काचेचाच घेतला. सहा हजार उरले आहेत, त्यांतून कव्हर येईल.

शिळाप्रेस, पहिल्या फाइलीबरोबर फॉन्ट समाविष्ट करण्याची विनंती आमच्या जुळणी करणाऱ्यांना पाठवली. त्यांचे उत्तर आले, ‘म्हणजे काय करायचे?’ इनडिझाइनमधून पीडीएफ काढताना नेमके काय पाहायचे ते दोन ओळींत लिहून दिलेत तर तसेच त्यांना पुढे पाठवीन.

शिळाप्रेस

इनडिझाइन पीडीएफ काढतानाच वापरलेले फॉन्ट बहुधा आपोआप समाविष्ट करते. अडचण जुन्या पेजमेकरमधून प्रिंटच्या वाटेने काढलेल्या फाइलींत अधिक येते. त्यांना एवढेच सांगा : तयार झालेली पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘फॉन्ट्स’ हा भाग पाहावा. प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असे लिहिलेले असले की फाइल पाठवावी, एका जरी फॉन्टपुढे ते लिहिलेले नसले तरी पुन्हा काढावी.