चढावर गाडी मागे आली, पक्कं लायसन्स राहिलं. आता तयारी कशी करू?

नमस्कार. मी पाचोऱ्याची, वय 43. काल चारचाकीच्या परीक्षेत नापास झाले. आठ नीट काढला, रिव्हर्सही जमला. चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायची होती, तिथे ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी हातभर मागे आली. घाबरून क्लच एकदम सोडला, तशी धक्का खाऊन बंद पडली. घरी येईपर्यंत डोळ्यांचं पाणी थांबलं नाही.

सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जळगावला न्यावं लागतं. मिस्टर सुरतला कामाला. दारात गाडी उभी असून दर फेरीला भाड्याची करावी लागते. कच्च्या लायसन्सला दीड महिना उरलाय. परत परीक्षा कधी देता येईल? आणि चढाची ही भीती कशी घालवू?

धुळेकर
ताई, 7 दिवसांनंतर पुन्हा देता येते. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर फेरपरीक्षेचे 300 रुपये भरून स्लॉट घ्या, तो आजच बघा. तीनदा नापास झालं तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं. दीड महिन्यात आरामात होईल.

निवृत्त एसटी चालक, चाळीसगाव
बेटा, कन्नडच्या घाटात मी भरलेली एसटी कितीदा थांबवून उचलली आहे. चढावर पायाची घाई करायचीच नाही. हँडब्रेक पूर्ण ओढ. पहिला गिअर टाक, थोडा रेस दे आणि क्लच हळूहळू वर येऊ दे. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच डावा पाय धरून ठेव. आता हँडब्रेक सोड. गाडी जागची हलत नाही, मग रेस वाढव. तो आवाज कानात बसला की भीती जाते.

आणि परीक्षेला जी गाडी नेणार, तिच्यावरच सराव कर. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीला धरतो. क्लासच्या गाडीवर शिकून घरची नेली असशील, तर तिथेच चुकलं असेल.

पाचोऱ्याची
काका, अगदी तेच झालं होतं! क्लासची गाडी जुनी, तिचा क्लच फार वर धरायचा.

चार दिवस झाले, एल लावून, पक्कं लायसन्स असलेल्या दिरांना शेजारी बसवून जातेय. गावाबाहेर एक बंद कापसाची जिनिंग मिल आहे, तिच्या गेटसमोर चांगला चढ आहे. मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर वीट ठेवतो. पहिल्या दिवशी अकरा वेळा चाक विटेला लागलं. काल संध्याकाळी एकदाही नाही. तो जड आवाज आता मला आधी ऐकू येतो, पाय मागून थांबतो.

सासूबाई मागच्या सीटवर बसायला तयार झाल्या. अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं बेस व्हई." म्हणजे सगळं चांगलं होईल. स्लॉट सोमवारचा मिळालाय, सकाळी अकराचा.