पूरग्रस्तांची मदत: याद्यांइतकाच बँक खात्याचाही घोळ आहे

कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीत पुराची मदत उशिरा येते ती फक्त लाभार्थ्यांच्या याद्यांमुळे, असं म्हटलं जातं. अर्धंच बरोबर आहे. यादीत नाव असूनही पैसे अडकतात, कारण आधारवर जाणारी रक्कम सगळ्यात शेवटी सीडिंग झालेल्या, म्हणजे आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही! बरेचदा कुठलंतरी जुनं, बंद पडलेलं खातंच जोडलेलं असतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. ती मे महिन्यातच बघून घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की बँकेत जायला कुणाला सवड नसते.

भाडेकरूंचे हाल जास्त. पंचनाम्यात घरमालकाचं नाव लागतं आणि भांडी-कपडे वाहून गेलेलं कुटुंब मदतीविना कोरडं राहतं. तलाठ्यांसमोर स्वतंत्र नोंद करून घ्या. भाडेकरार नसेल तर लाईटबिल, शेजाऱ्यांचे जबाब द्या. भिंतीवरची पाण्याची खूण धुण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढा.

जनावराच्या मदतीला शवविच्छेदनाचा दाखला मागतात, पण म्हैस वाहून गेली तर शवविच्छेदन कशाचं करणार? म्हणून कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर आधीच लिहून ठेवा. २०२२-२६ च्या सरकारी निकषांत दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये ठरले होते, पण पुराव्याशिवाय काही मिळत नाही.