काशीला काय सोडलंत? चातुर्मासात काय सोडता?

माजघर:
काल कांदेनवमी झाली, भजी पोटभर खाल्ली, आणि आज ह्यांनी मंडईतून गऱ्यांचा डबा आणला. झाकण उघडलं आणि आजीच डोळ्यांसमोर उभी राहिली. आजी काशीला फणस सोडून आली होती. घरामागे दोन झाडं, एक काप्याचं, एक बरक्याचं, आणि फणस फोडायचं काम तिचंच. हाताला नि विळीला खोबरेल लावून बसायची, चीक काडीला गुंडाळून काढायची, गरे आमच्या ताटलीत. त्या घमघमाटात बसून एक गरा तोंडात नाही, पस्तीस वर्षं. एकदा मी म्हटलं, आजी, आठळ्यांची भाजी तरी खा, आठळी म्हणजे काही फणस नव्हे. तर म्हणाली, "देवापुढे वकिली करायची नाही गो." मन मारून सोडलेलं नव्हतंच ते, तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. मला अजून तसं जमलेलं नाही. तुम्ही काय सोडलंत, आणि खरंच सुटलं का?

एसटी_प्रवासी:
चहा. 2023 ला. नेमका अधिक श्रावण आला आणि चाराचे पाच महिने झाले. पहिले तीन दिवस डोकं नुसतं ठणकत होतं. टपरीवर सगळ्यांबरोबर जायचो, रिकाम्या हाताने उभा राहायचो. मग कळलं की इतकी वर्षं मी तिथे गप्पांसाठीच जात होतो. आता सकाळचा एकच कप.

शेवंती:
आठळ्यांवरून आठवलं, टिकवायच्या कशा? माझ्या काळ्या पडतात.

गोदाकाठ:
सासऱ्यांनी माळ घातली तेव्हा मटण सुटलं, ते सोपं गेलं. ताटाला नाव ठेवायची सवय काही जाईना. मीठ कमी, भाकरी जाड, रोज काहीतरी. एका आषाढीला पंढरपुराहून आले आणि म्हणाले, आता हेही सोडलं. पुढे एकदा आमटीत मीठ घालायचंच विसरले मी. ते निमूट जेवले, वर वाटीभर मागून घेतली. मी शेवटी बसले तेव्हा पहिल्या घासाला कळलं. रडूच आलं. कुकर झाला, नंतर येते.

पायवाट:
आमच्याकडे वांगं. चार महिने सोडलं आणि कार्तिकी द्वादशीला भरितावर तुटून पडले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहेच ना, विषय सुटतो पण गोडी मागे उरते, ती परमात्मा दिसल्यावरच जाते. चारही महिने माझ्या मनात वांगंच होतं. यंदा वांगं खाणार आहे, पण आवडीचं काहीही दुसऱ्यांदा वाढून घेणार नाही. बघू.

एसटी_प्रवासी:
पायवाट, हे अवघड आहे हो. पुरणपोळीच्या दिवशी काय कराल?

पायवाट:
त्याच दिवसाची भीती आहे 🙏

तिन्हीसांज:
मी गेल्या चातुर्मासात मुलाच्या फोनची वाट पाहणं सोडायचं ठरवलं. तो बंगळूरला असतो. रात्री साडेआठपासून फोन हातात, नाही आला की ह्यांच्यावर चिडचिड. नेम असा केला की साडेआठला फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचा आणि मी देवाजवळ रामरक्षा म्हणायची. पहिले पंधरा दिवस तोंडात रामरक्षा नि कान फळीकडे. एकदा मध्येच वाजला. उठले नाही. हात थरथरत होते, तरी पूर्ण म्हटली. मग मीच लावला, तर म्हणाला, आई, आज तुझा आवाज छान वाटतोय. अजून पूर्ण नाही सुटलेलं. पण आता फोन नाही आला तरी झोप लागते.

माजघर:
तिन्हीसांजताई, हे दोनदा वाचलं. डबा अजून ओट्यावरच आहे, आधी शेजारच्या मुलांना गरे देऊन येते. शेवंती, आठळ्या धुवू नका, लाल माती फासून वाळवा. आजी तशाच पोटमाळ्यावर ठेवायची.

शेवंती:
पुण्यात लाल माती कुठून आणू? कुंडीतली चालेल का?