अॅथलस्टन आणि माम्सबरी: खरं नातं की रिकामी कबर?

स्विंडनचा_भाऊ: काल माम्सबरीला जाऊन आलो, आमच्या स्विंडनहून गाडीने अर्धा तास. गावभर अॅथलस्टन अॅथलस्टन चालू असतं, सगळ्या इंग्लंडचा पहिला राजा वगैरे, म्हणून अॅबीत (तिथल्या जुन्या मठाच्या चर्चमधे) त्याची कबर बघायला गेलो तर आत कोणीच नाही! वरचा दगडी राजासुद्धा तो गेल्यावर चार-पाचशे वर्षांनी घडवलेला. अभिषेक झाला 925 ला किंग्स्टनला, वारला 939 मधे ग्लॉस्टरला. मग माम्सबरीचा एवढा कसला हक्क? मला तरी टुरिझम वाटतं.

बखरवाली: अहो पण पुरलं तर तिथेच ना! हाडं नंतर हरवली, त्यात गावाचा काय दोष. आजोबा आल्फ्रेड, वडील एडवर्ड दोघांना विंचेस्टरला पुरलं, तरी हा तिकडे गेला नाही, विंचेस्टरवाल्यांशी त्याचं फारसं जमतही नव्हतं. आणि 937 ला स्कॉट आणि वायकिंगांविरुद्धच्या ब्रुननबरच्या लढाईत दोन चुलतभाऊ पडले त्यांनाही त्याने माम्सबरीलाच आणलं. घरची माणसं कोणी उगाच कुठेही पुरत नाही.

स्विंडनचा_भाऊ: हे माहीत नव्हतं, मान्य. पण लढाईत मदत केली म्हणून राजाने गावाला जमीन इनाम दिली ही गावात सांगतात ती गोष्ट? सनद दाखवतात ती 1381 ची, म्हणजे साडेचारशे वर्षांनंतरची. एवढ्या काळात कोणीही कुठल्याही राजाचं नाव चिकटवेल.

गायरान_बचाव: भाऊ कागदावर अडकलात. किंग्स हीथ माळाची ती सहाशेच्या आसपास एकर जमीन आजही गावच्या फ्रीमन लोकांकडेच, म्हणजे पिढीजात हक्कदारांकडेच आहे. हक्क वारशाने नाहीतर फ्रीमनच्या मुलीशी लग्न करून, मुलींना स्वतःला मिळाला तो अगदी अलीकडे. आणि नवीन माणसाला जमीन देताना हातात गवताचं ढेकूळ नि डहाळी देतात, तोंडाने म्हणतात की अॅथलस्टन राजाने मला दिलं तसं मी तुला देतो. आपल्याकडची वतनं कायद्याने गेली, हे लोक अजून वहिवाट करतायत!

स्विंडनचा_भाऊ: वहिवाट खरी हो, पण त्याने दाता कोण ते कुठे ठरतं?

बखरवाली: नाही ठरत. पण द्यायला दुसरा कोण होता ते तुम्ही सांगा आता.

स्विंडनचा_भाऊ: आधी हीथवर चक्कर मारून येतो, मग भांडू.